सुईला हात पुढं करणाऱ्या मुलालाही विचारा

कॅन्सरच्या मुलांच्या केमोच्या (कॅन्सरवरच्या औषधांच्या) वॉर्डात न रडणाऱ्या मुलाला सगळे 'शहाणं' म्हणतात, आणि मनाची तपासणी करताना नेमकं तेच सुटतं. उलटी, ताप, चिडचिड आईबापांना दिसते. धास्ती दिसत नाही. आई रडू नये म्हणून पुष्कळ मुलं आपलं दुखणं झाकून ठेवतात. त्यामुळे मुलाला वेगळं, आईला वेगळं विचारायचं आणि दोन्ही उत्तरं केसपेपरवर लिहायची.

साधन म्हणजे कागदावरची उभी पट्टी. खाली 0, वर 10. 'मागच्या सात दिवसांत मनाले किती जड वाटलं?' पट्टीवर थर्मामीटर काढलेला असेल तर मुलं तापच सांगतात. त्यापेक्षा शिडी काढावी. साधारण सात-आठ वर्षांपुढची मुलं आकडा सांगतात. त्याहून लहानांना चेहऱ्यांची चित्रं दाखवावीत, आणि झोप, खेळणं, आईला चिकटून राहणं यांवर नजर ठेवावी. मोठ्या माणसांत 4 किंवा जास्त आकडा आला की पुढची चौकशी करतात. मुलांत एवढ्यावर विसंबू नये. 2 आला तरी 'कशामुळे?' हे विचारावंच. खरी माहिती त्या उत्तरात असते: पाठीतली सुई, गेलेले केस, बुडलेली शाळा, घरी राहिलेला धाकटा भाऊ, बापानं काढलेलं कर्ज.

वेळ चुकली की आकडा फसवा येतो. सुईच्या तोंडावर विचारलं तर भीतीच मोजली जाते. दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी विचारलं तर घरी जायच्या घाईत मूल 0 म्हणतं. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड औषधं चालू असताना मूल चिडतं, रडतं, सारखं खायला मागतं. गोळ्या थांबल्यावर हे सहसा ओसरतं. म्हणून आकड्याशेजारी औषधाचा दिवस लिहावा. थकवा आणि मंदावलेली भूक केमोचीही असते, उदासीचीही. मात्र बरं वाटणाऱ्या दिवशीही खेळावंसं वाटत नसेल तर कारण बहुधा मनाचं असतं.

एकदा विचारून भागत नाही. रक्ताच्या कॅन्सरचा (एएलएल) उपचार दोन-तीन वर्षं चालतो. नागपूर-सेवाग्रामच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी होऊन मूल मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या गावी परततं, तेव्हा सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण तिथं 'हा रोग लागते' म्हणून कुणी शेजारी बसू देत नाही. कोरकू, माडिया बोलणाऱ्या मुलाला त्याच्याच भाषेत विचारायला आशाताई हवी, आणि शाळेत गुरुजींना आधी सांगून ठेवायला हवं की हा आजार संसर्गजन्य नाही.

'मरून गेलो तर बरं' असं मूल बोललं तर आकडा कितीही असो, त्याला एकटं सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. गावात कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.