फोल्गोरे की वेल्त्रो? नाकाखाली बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन फायटरचं प्लास्टिक मॉडेल किट घ्यायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्यांदा इथेच अडकतात. समोर दोन डबे, एकावर माक्की सी.२०२ फोल्गोरे, दुसऱ्यावर माक्की सी.२०५ वेल्त्रो, आणि चित्रं बघाल तर दोन्हीकडे तेच वाळूच्या रंगाचं विमान, त्यावर हिरव्या धुरासारखी वळी, मागे पांढरा पट्टा, शेपटीवर पांढरा क्रॉस. मग माणूस म्हणतो की मापं बघू, तर तिथेही काही हाती लागत नाही कारण पंखांचा पसारा दोघांचा १०.५८ मीटर आणि लांबी दोघांची ८.८५ मीटर. म्हणजे १/४८ स्केलला (खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं मॉडेल) दोन्ही साधारण २२ सेंटीमीटर रुंद, फूटपट्टी लावून उपयोग शून्य.

मी गेली बरीच वर्षं इटालियन विमानंच बनवतोय आणि हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी नावाचा एक छोटा घोळ. काही डब्यांवर सी.२०२ लिहितात, काहींवर एमसी.२०२, आणि नवीन माणसाला वाटतं ही दोन वेगळी व्हर्जन्स आहेत. तसं काही नाही, एम म्हणजे माक्की आणि सी म्हणजे कास्तोल्दी, डिझायनर मारियो कास्तोल्दी यांचं आडनाव. हेच ते कास्तोल्दी ज्यांनी रेसिंगची सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारी विमानं बनवली, त्यांच्या एमसी.७२ ने १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये गार्डा तलावावर ताशी ७०९ किमीचा रेकॉर्ड केला आणि पिस्टन इंजिनच्या सीप्लेनसाठी तो आजही तसाच उभा आहे. माणसाला वेगाचं वेड होतं हे त्यांच्या प्रत्येक विमानाच्या नाकाकडे बघून कळतं.

आता मूळ मुद्दा. या दोन विमानांमधले फरक पाठ करायला गेलात तर विसराल, पण ते का पडले हे समजलं तर परत कधी चुकणार नाही. सगळं इंजिनावर आहे.

१९३७ च्या डिसेंबरमध्ये कास्तोल्दींचं सी.२०० साएत्ता उडालं, गोल रेडियल इंजिनवालं, चपळ पण वेगात मागे. मग जर्मनीचं डाइमलर-बेंझ डीबी ६०१ हे लांबट, लिक्विडने थंड होणारं इंजिन हाती आलं आणि त्यांनी साएत्ताचे पंख आणि शेपटी जवळपास तशीच ठेवून पुढे नवीन निमुळतं नाक बसवलं. १० ऑगस्ट १९४० ला ते उडालं, तेच फोल्गोरे, म्हणजे वीज. पुढे आल्फा रोमियोने हे इंजिन लायसन्सवर बनवलं, साधारण ११७५ हॉर्सपॉवरचं, आणि त्याला नाव दिलं मोन्सोने, म्हणजे चक्क आपला मॉन्सून. मला हे नाव फार आवडतं.

दोन वर्षांत डीबी ६०५ आलं. ब्लॉक जवळपास तोच पण सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १५० वरून १५४ मिमी केला, त्यामुळे ३३.९ लिटरचं इंजिन ३५.७ लिटरचं झालं आणि पॉवर १४७५ हॉर्सपॉवरपर्यंत गेली. फियाटने लायसन्सवर बनवलेल्या याच इंजिनाचं नाव तिफोने, म्हणजे वादळ. बाहेरून आकार सारखाच असल्यामुळे ते फोल्गोरेच्या नाकात बसत होतं, म्हणून माक्कीने एक फोल्गोरेचा सांगाडा घेतला, त्यात ते बसवलं आणि १९ एप्रिल १९४२ ला उडवलं. त्याला सुरुवातीला सी.२०२ बिस असंच म्हणायचे, सी.२०५ आणि वेल्त्रो म्हणजे शिकारी कुत्रा ही नावं नंतरची. तेव्हा तुम्हाला दोन्ही विमानं सारखी वाटत असतील तर तुमचं काही चुकत नाहीये, ते मुळात एकच विमान आहे, फक्त त्याला मोठं हृदय बसवलंय. जर्मन मेसरश्मिट १०९ ची मॉडेल्स बनवणाऱ्यांना हे लगेच कळेल, तिथेही एफ व्हर्जनवरून जी वर जाताना ६०१ चं ६०५ झालं.

मोठं इंजिन जास्त तापतं, आणि तापतं म्हणजे त्याचं तेलही जास्त तापतं. फोल्गोरेला नाकाखाली, हनुवटीच्या जागी, तेल थंड करायला एकच चपटा खोका आहे. वेल्त्रोला तेवढ्याने भागेना. म्हणून तो खोका गेला आणि नाकाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन गोल नळकांड्यासारखे कूलर आले, छोटे ड्रम चिकटवल्यासारखे. बस, हीच खरी खूण. हनुवटीला एक खोका दिसला तर फोल्गोरे, दोन ड्रम दिसले तर वेल्त्रो. फोटो समोरून असो की तिरका, हे दिसतंच, आणि स्प्रू, म्हणजे पार्ट जोडलेली प्लास्टिकची चौकट, हातात घेतलीत तरी पहिल्यांदा हेच पार्ट शोधा. पोटाखालच्या मोठ्या रेडिएटरकडे बघून ठरवायला जाऊ नका, तो दोघांनाही आहे.

दुसरी खूण शेपटीच्या चाकाची. फोल्गोरेचं मागचं चाक फिक्स, कायम बाहेर. वेल्त्रोचं आत जातं आणि त्याला छोटे दरवाजे आहेत. मॉडेल स्टँडवर उडत्या अवस्थेत लावणार असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा, कारण वेल्त्रोचं मागचं चाक बाहेर ठेवून पुढची चाकं बंद केली तर ते चूक दिसतं, आणि फोल्गोरेच्या बाबतीत नेमकं उलटं, तिथे चाक बाहेरच हवं.

तिसरी खूण म्हणून सगळे तोफा सांगतात आणि इथेच लोक फसतात. नाकावर दोघांनाही १२.७ मिमीच्या दोन ब्रेडा-साफात मशीनगन. फोल्गोरेच्या नंतरच्या सिरीजमध्ये पंखांत ७.७ मिमीच्या दोन गन आल्या. वेल्त्रोच्या पहिल्या सिरीजमध्ये पण अगदी हेच, नाकात १२.७ आणि पंखांत ७.७. वेल्त्रोच्या तिसऱ्या सिरीजमध्ये मात्र पंखांत २० मिमीच्या जर्मन एमजी १५१ तोफा बसवल्या आणि त्यांच्या नळ्या पंखातून चांगल्या पुढे आलेल्या दिसतात. म्हणजे लांब नळ्या दिसल्या तर नक्की वेल्त्रो, पण दिसल्या नाहीत तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, परत हनुवटी बघायला यायचं.

वेगाचं म्हणाल तर फोल्गोरे ताशी ६०० किमीच्या आसपास आणि वेल्त्रो ६४० च्या आसपास. आणि संख्येत तर जमीन-अस्मानाचा फरक, फोल्गोरे हजाराच्या वर बनली, वेल्त्रो फक्त २६२.

या संख्येमुळे आणि तारखांमुळे एक फार उपयोगी गोष्ट होते जी मी नवीन मुलांना नेहमी सांगतो, किट निवडायच्या आधी विमान निवडा, म्हणजे कुठलं स्क्वाड्रन, कुठली जागा, कुठला महिना. फोल्गोरे १९४१ च्या सप्टेंबरअखेर सिसिलीवरून माल्टाच्या लढाईत उतरली आणि मग उत्तर आफ्रिकेत. वेल्त्रो स्क्वाड्रनमध्ये पोचली तीच १९४३ च्या सुरुवातीला, आणि लढाईत आली एप्रिलमध्ये पांतेलेरिया बेटावरून, तेव्हा आफ्रिकेतली लढाई संपतच आली होती. त्यामुळे डिकल शीटवर (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांचा कागद) १९४२ चं लिबिया किंवा इजिप्त लिहिलेलं असेल तर डोळे झाकून फोल्गोरे, तिथे वेल्त्रो असूच शकत नाही. १९४२ च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथे होती आणि बरेच जण कैदी झाले. त्या महिन्यात त्या वाळवंटावर इटालियन बाजूने जी विमानं फिरत होती त्यात फोल्गोरे होती. मी पहिली आफ्रिकेतली फोल्गोरे रंगवत होतो तेव्हा हे वाचनात आलं आणि त्यानंतर त्या किटकडे बघायची माझी नजरच बदलली, खालून मान वर करून बघणारी आपली माणसं होती हे डोक्यातून जात नाही.

आता बनवताना. दोघांमध्येही एक सापळा आहे आणि तो सारखाच आहे. कास्तोल्दी डावा पंख उजव्यापेक्षा मुद्दाम लांब ठेवायचे, साधारण २० सेंटीमीटरने, कारण प्रोपेलर फिरताना विमान डावीकडे कलंडायला बघतं आणि लांब पंखाची जास्तीची लिफ्ट ते सावरते. १/७२ ला हा फरक जेमतेम तीन मिलिमीटर आणि १/४८ ला चार मिलिमीटर. मी माझ्या पहिल्या माक्कीचा डावा पंख मोल्डिंगची चूक समजून टोकाला घासून उजव्याएवढा केला होता. ते मॉडेल अजून माझ्याकडे आहे आणि नवीन कोणी आलं की मी ते हातात देतो, म्हणजे शब्दांत सांगावं लागत नाही. तेव्हा ड्राय फिटमध्ये, म्हणजे गोंद न लावता पार्ट जुळवून बघताना, पंख कमी-जास्त वाटला तर सँडपेपर खाली ठेवा.

रंगाबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं कारण या विमानांचं सगळं सौंदर्य तिथेच आहे. वरचा बेस नोच्चोला क्यारो, म्हणजे फिकट हेझलनटचा, वाळूकडे झुकणारा तपकिरी. त्यावर गडद ऑलिव्ह हिरव्याची वळी, खाली फिकट निळसर राखाडी. कॉकपिटच्या आत पोपटी नाही, फिका पांढुरका हिरवा, गंजरोधक प्रायमरचा. वळी म्हणजे कंपासने काढलेली वर्तुळं नव्हेत, कारखान्यात कोणीतरी स्प्रेगन हातात धरून भराभर काढलेली ती, काही अर्धवट उघडी, काही एकमेकांत अडकलेली, काही बटाट्यासारखी. नवीन माणूस प्रत्येक वळं गोल आणि सारख्या अंतरावर काढतो आणि मग विमान चित्त्याच्या कातडीसारखं दिसतं. १/७२ ला ती रेघ मिलिमीटरच्याही आत बसायला लागते, एअरब्रशला ०.२ ची नोझल, रंग दुधासारखा पातळ, प्रेशर १०-१२ पीएसआय, आणि नोझल जवळजवळ टेकेल इतकी जवळ. मी आधी जुन्या किटच्या पंखावर अर्धा तास हात बसवतो आणि मगच खऱ्या मॉडेलला हात लावतो. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वळ्यांची डिकल मिळतात, वापरा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या रेघांमध्ये, नीट बसवा आणि शेवटी मॅट कोट द्या नाहीतर कडा चमकतात. ब्रेडाच्या कारखान्यात बनलेल्या फोल्गोरेंवर वळ्यांऐवजी डाग आणि ठिपके जास्त दिसतात, तेही करून बघण्यासारखं आहे आणि हाताला सोपं जातं. आणि पावसाळ्यात लॅकर क्लिअर मारू नका, हवेतल्या दमटपणाने पांढरट साय येते, जुलैत मी फक्त जोडाजोड करतो आणि रंग नवरात्रानंतर.

किटमध्ये हासेगावाने १/४८ ला दोन्ही विमानं काढली आहेत आणि बहुतेक स्प्रू दोन्ही डब्यांत तेच, वेगळं काय ते मुख्यतः नाकाकडचं. जोड छान बसतात. इटालेरीकडे पण दोन्ही मिळतात, आणि कंपनी इटालियन असल्यामुळे घरच्या विमानावरचं त्यांचं प्रेम डिकल शीटमध्ये दिसतं. सेकंडहँड किट घेताना मात्र डबा उघडून नाकाचे पार्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वेल्त्रोचा डबा आला आणि आत हनुवटीचा एकच खोका होता, कोणीतरी दोन किट उघडून पार्ट उलटसुलट भरले होते. मग ते फोल्गोरे म्हणूनच बनवलं, चौथ्या स्तोर्मोचं (इटालियन हवाई दलाची तुकडी), पहिल्या महायुद्धातला वैमानिक बाराक्का याचा उधळलेला घोडा लावून, आणि ते मॉडेल चांगलं झालं.

आता ज्यांना हे सगळं समजलं त्यांच्यासाठी एक शेवटचा गुंता, कारण खऱ्या आयुष्यातही ही दोन विमानं एकमेकांत मिसळली. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रं ठेवली आणि देश दोन भागांत गेला, उत्तरेत जर्मनांबरोबर एक हवाई दल आणि दक्षिणेत मित्रराष्ट्रांबरोबर दुसरं, आणि दोन्हीकडे माक्की उडत होत्या, उत्तरेत शेपटीवर तिरंगी झेंडा, दक्षिणेत गोल तिरंगी खूण. युद्ध संपल्यावर इजिप्तने वेल्त्रो मागितल्या तेव्हा माक्कीने त्यातली बरीच विमानं उरलेल्या फोल्गोरेंना नवीन इंजिन आणि नवीन नाक लावूनच दिली, आणि त्या रूपांतरित विमानांच्या पंखांत तोफा नव्हत्या, फक्त नाकातल्या दोन १२.७. म्हणजे हनुवटीला दोन ड्रम आणि पंख मोकळे, आणि ज्या वाळवंटावर कधीकाळी फोल्गोरे लढल्या त्याच देशाच्या खुणा अंगावर. अस्सल फोल्गोरे म्हणून आज जगात दोनच उरल्यात, एक रोमजवळ विन्या दी वाल्लेच्या म्युझियममध्ये आणि एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये. माझ्या टेबलावर सध्या तो इजिप्तवालाच अर्धा झालेला आहे, पंखातली गनची भोकं पुटीने भरून झालीत, आता सुकायची वाट बघतोय.