तोफेची पुंगळी की पितळेची नळी? फुलदाणी पालथी करून बघा

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गोळा सुटला की पितळी पुंगळी मागे राही. त्या पुंगळ्यांतून फुलदाण्या, दिव्याच्या बैठकी, राखदाण्या घडल्या. आज त्यांच्याशेजारीच हुबेहूब दिसणाऱ्या नकला विकायला असतात: पितळी नळी, तिला खालून डकवलेली चकती. नक्षी दोन्हींवर असते, म्हणून नक्षीवर जाऊ नका.

खरी पुंगळी एकाच जाड चकतीतून टप्प्याटप्प्याने ओढलेली असते. त्यामुळे सांधा नाही, तळ जड, भिंत तोंडाकडे पातळ होत जाते. तळाला बाहेर आलेली कड असते. डागल्यावर तोफ पुंगळी तिथेच पकडून बाहेर खेचते. मधोमध प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीची जागा, भोवती ठोकलेली अक्षरं. नकलेची भिंत वरपासून खालपर्यंत सारखी, आणि आतून बोट फिरवलं की तळाशी डाखाची रेघ लागते. ओतीव तळावरची अक्षरं गुळगुळीत, बसकी दिसतात. तोंड ठोकून बदललेलं नसेल तर त्याच्या आतल्या व्यासाचं मापही घ्या, ते साधारण तोफेच्या तोंडाच्या व्यासाइतकं असतं: ब्रिटिश १८ पौंडी तोफ ८४ मिलिमीटरची, फ्रेंच तोफ ७५ची.

तळावरचं साल मात्र फसवतं. १९१६ हे पुंगळीचं साल, फुलदाणीचं नव्हे. शांततेनंतरही दुकानांतून खऱ्याच पुंगळ्या कोरल्या गेल्या. कंबर आवळलेली, पन्हळी पाडलेली फुलदाणी तर खंदकात बसून होणं कठीणच. आत डांबर किंवा वाळू भरून ठोकायचं, पितळ कडक झालं की लाल तापवून मऊ करायचं. हे टाळलं की चीर जाते. त्याला कार्यशाळाच हवी.

ठोकलेल्या पितळात ताण उरतो, त्यामुळे अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात लावू नका. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण १९२१ साली पक्कं झालं. चिंचेनेही घासू नका, काळाने चढलेली जुनी झाक जाते. कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच कोरडं फडकं, एवढं पुरे.

प्रायमरवर तोफेच्या पिनेने पडलेला खळगा दिसत नसेल तर प्रायमर जिवंत, म्हणजे न उडालेला असू शकतो. दिव्याच्या वायरीसाठी तिथे भोक पाडू नका, तापवू नका. वस्तू आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवा.