नाव काढलं म्हणजे ओळख पुसली?

'स्मार्ट सिटीतल्या सेन्सरची माहिती नाव-नंबर काढून देतात, त्यामुळे ती कुणाची हे कळूच शकत नाही,' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण ते खरं नाही.

रस्त्यावरचा वाय-फाय सेन्सर फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर फोन ओळखायला वापरला जाणारा क्रमांक, टिपतो. तो लपवायला त्याचा हॅश करतात, म्हणजे गणिती सूत्राने त्याची निरर्थक दिसणारी अक्षरमाला बनवतात. मात्र मॅक पत्ता 48 बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा 48 अंकांचा, आणि त्यातले पहिले 24 बिट सहसा फोन बनवणाऱ्याचे. अशा एकेका सुरुवातीमागे उरतात 1,67,77,216 शक्यता. नुसता हॅश असेल, तर साधा संगणकही त्या सगळ्या काही सेकंदांत तपासून मूळ पत्ता काढतो. नवे फोन हा पत्ता बदलत राहतात, हे बरंच आहे.

पण खरी ओळख देतो तो दिनक्रम. 2013 साली 15 लाख लोकांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास झाला. ठिकाण आणि वेळ सांगणारे चार बिंदू 95 टक्के लोकांना वेगळं काढायला पुरले.

स्वतः पडताळा. फोनमधला आठवड्याचा लोकेशन इतिहास उघडा आणि रात्री दोनला व दुपारी बाराला तुम्ही बहुतेकदा कुठे असता ते बघा. घर आणि कामाची जागा ही जोडी तुमच्याखेरीज आणखी कितीजणांची असेल?

म्हणून माहिती देण्याआधी ओळखक्रमांक रोज बदलावा, वेळ तासात आणि जागा विभागात गोळा करावी, जिथे मोजकेच लोक असतील ते आकडे वगळावेत. वाहतुकीच्या नियोजनाला बहुतेकदा तेवढं पुरतं.