पीसीएसके९: न कापणारी कात्री

फ्रान्समधल्या काही कुटुंबांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पिढ्यान्‌पिढ्या चढं का राहतं, याचा शोध २००३ साली एका नव्या जनुकापाशी येऊन थांबला. त्यातून तयार होणारं प्रथिन मुख्यतः यकृतातून रक्तात सोडलं जातं. घडण प्रोटीएजची, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराची. म्हणून त्याच घराण्यातलं नववं, या अर्थाने पीसीएसके९ असं नाव पडलं.

घोळ या नावानेच घातला. प्रोटीएज आहे, तर ते यकृतपेशींवरचा, रक्तातलं एलडीएल पकडून आत नेणारा एलडीएल रिसेप्टर कापत असणार, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ही कात्री एकदाच चालते, पेशीच्या आत, आणि तीही स्वतःवर. तुटलेला तुकडा निघून जात नाही. पात्यावरच बुचासारखा बसून राहतो. बाहेर पडतं ते हे असं बूच लागलेलं प्रथिन. २००७ मध्ये कापण्याची क्षमताच काढून घेतलेलं पीसीएसके९ बनवून पाहिलं, तरी रिसेप्टर कमी व्हायचे ते झालेच. एरवी रिसेप्टर एलडीएलचा कण पेशीत नेऊन सोडतो आणि पुढच्या खेपेसाठी पृष्ठभागावर परततो. पीसीएसके९ चिकटलं की परतीची वाट बंद. कणाबरोबर रिसेप्टरचीही विल्हेवाट लागते. त्यामुळे पीसीएसके९ला अडवून एलडीएल उतरवणाऱ्या औषधांना सर्रास ‘विकररोधक’ म्हटलं जातं, ते सरळसरळ चूक आहे. २०१५ मध्ये आलेली प्रतिपिंडांची इंजेक्शनं रोखतात ते चिकटणं. नंतर आलेलं, वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन तर हे प्रथिन बनण्याच्याच आड येतं.

औषधांना बळ मिळालं ते उलट्या बाजूच्या माणसांमुळे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत, या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी निघालं, हृदयधमनीविकाराचा धोका मात्र तब्बल ८८ टक्के कमी. त्याच वर्षी नोंदलेल्या एका तरुणीच्या रक्तात पीसीएसके९ जवळजवळ नव्हतंच. एलडीएल अवघं १४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), आणि बाई ठणठणीत.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांची, गंमत वेगळीच. ती रिसेप्टर वाढवतात आणि सोबत पीसीएसके९ही. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्क्यांनी आणखी उतरतं, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

पुढे अमेरिकेत प्रतिपिंडांच्या पेटंटचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ठरावीक जागी चिकटून पीसीएसके९ला अडवणारं प्रत्येक प्रतिपिंड आपलंच, हा एका कंपनीचा दावा २०२३ मध्ये एकमताने फेटाळला गेला. भांडण तिथेही चिकटण्यावरूनच होतं.