तळहात-तळपाय जाड होण्याचा आनुवंशिक आजार: इंदुरात तपासणी कशी करावी, कागद कोणते लागतात

लहानपणापासून दोन्ही तळहात-तळपायांची कातडी पिवळट, जाड होत असेल, भेगा पडत असतील, घरात आणखी कुणाला तसंच असेल, तर नुसती मलमं बदलत बसू नका. हा पाल्मोप्लांटर केराटोडर्मा, म्हणजे तळहात-तळपायांची कातडी जाड होण्याचा आजार, असू शकतो. तपासणीला वयाची अट नाही.

सुरुवात एमवायच्या (महाराजा यशवंतराव रुग्णालय) त्वचारोग ओपीडीतून करा. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), आयुष्मान कार्ड, जुने रिपोर्ट आणि आजवर लावलेल्या औषधांची नावं सोबत ठेवा. आयुष्मानचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाख मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. ओपीडीतली जनुकीय तपासणी त्यात बसेल असं धरून चालू नका. बुरशी नाही ना, हे पाहायला आधी कातडी खरवडून तपासतात. लागलं तर बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र घरीच तयार होतो: वंशावळ. आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन पिढ्या मांडा. कुणाला त्रास होता, कितव्या वर्षी सुरू झाला, तेही लिहा. आत्याचे भेगाळलेले पाय लग्नाच्या बोलण्यात कायम मोज्यांत राहिले असतील, तरी इथे लपवू नका. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आलीत. आई-वडील नात्यातले असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण काही प्रकार दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात.

दात, कान, केस यांबद्दलही सांगा. पापियाँ-लफेव्हर या प्रकारात हिरड्या सुजून दुधाचे दात अकाली पडतात. नाक्सोस या प्रकारात लोकरीसारखे केस असतात आणि हृदयावर परिणाम होतो, म्हणून इसीजी आणि इको टाळू नयेत.

जनुकीय तपासणीला संमतीपत्र भरून थोडं रक्त देतात, जांभळ्या झाकणाच्या नळीत. शक्य असेल तर आई-वडिलांचेही नमुने द्या. रिपोर्टमध्ये ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ (जनुकातला असा बदल, ज्याने आजार होतो की नाही हे ठरलेलं नाही) आला तर निदान पक्कं झालं असं समजू नका, जनुकीय समुपदेशकाला भेटा. दुर्मिळ आजारांचं जवळचं उत्कृष्टता केंद्र भोपाळचं एम्स आहे. मात्र ५० लाखांपर्यंतची मदत केंद्राच्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीतल्या आजारांनाच मिळते. गर्भाची तपासणी करायची झाली तर ती पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच, लेखी संमती देऊन.

बोटं आखडली असतील, चालणं अवघड झालं असेल, तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज करता येतो. आधार, फोटो आणि वैद्यकीय कागद जोडा. दिव्यांगत्वाची टक्केवारी आजाराच्या नावावर ठरत नाही, हातापायांच्या हालचालीत किती अडथळा येतो यावर ठरते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.