कमांड लाइनवरून व्हॉल्यूम लेबल बदलणे

डिस्कच्या एखाद्या भागाला दिलेले, माणसाला वाचून ओळखता येईल असे नाव म्हणजे व्हॉल्यूम लेबल. ते फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीच्या) स्वतःच्या नोंदींत साठवलेले असते, म्हणून पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला तरी नाव तेच दिसते. विंडोजमधले सी, डी, ई हे अक्षर मात्र त्या संगणकापुरतेच. लेबल बदलण्यासाठी फॉरमॅट करावे लागत नाही आणि आतल्या फाइलींना धक्का लागत नाही.

विंडोजमध्ये डॉसच्या काळापासूनचा ‘लेबल’ हा आदेश अजून चालतो. त्यापुढे ड्राइव्हचे अक्षर, विसर्गासारखे दोन टिंब आणि नवे नाव लिहायचे. नाव दिले नाही तर तो सध्याचे लेबल दाखवून नवे विचारतो. नुसते एंटर दाबल्यास जुने पुसायचे का, असे विचारतो. संगणकातल्या कायमच्या डिस्कसाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड लाइनमध्ये हेच काम ‘सेट-व्हॉल्यूम’ करतो, तर मॅकवर ‘डिस्कयुटिल रिनेम’. विंडोजमध्ये कायमची डिस्क ‘फॉरमॅट’ आदेशाने पुसायला गेल्यास आधी तिचे सध्याचे लेबल टाइप करावे लागते. चुकीची डिस्क पुसली जाऊ नये म्हणून प्रत्येकीला वेगळे, अर्थपूर्ण नाव द्यावे, ते यासाठीच.

लिनक्समध्ये सगळ्या फाइल सिस्टिमना चालेल असा एकच रूढ आदेश नाही. एक्स्ट४ साठी ‘ई२लेबल’, फॅटसाठी ‘फॅटलेबल’, एनटीएफएससाठी ‘एनटीएफएसलेबल’ वापरतात. एक्स्ट४ आणि बीटीआरएफएसचे लेबल डिस्क माउंट (वापरासाठी जोडलेली) असतानाही बदलता येते. एक्सएफएसच्या ‘एक्सएफएस_अ‍ॅडमिन’च्या जुन्या आवृत्त्यांना मात्र ती आधी अनमाउंट केलेली लागे. डिस्कची उपकरण-नावे संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात, म्हणून आदेश देण्याआधी डिस्क आणि त्यांची लेबले दाखवणारा ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून खात्री करावी.

नावाची लांबी फाइल सिस्टिम ठरवते. फॅट आणि एक्सफॅटमध्ये ११, एनटीएफएसमध्ये ३२ अक्षरे. एक्सएफएसमध्ये १२ आणि एक्स्ट४ मध्ये १६ बाइट. मराठी नाव देणाऱ्याला हा शेवटचा फरक नेमका अडतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलन्त ही वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘छायाचित्रे’ या शब्दात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. तो एक्सफॅटमध्ये मावतो, एक्स्ट४ मध्ये मावत नाही. फॅटचे लेबल जुन्या कोडपेजवर (मोजक्या अक्षरांच्या तक्त्यावर) बेतलेले असल्याने तिथे रोमन अक्षरेच सुरक्षित. शिवाय फॅटमध्ये लेबल बूट सेक्टर (विभागाचा सुरुवातीचा भाग) आणि मूळ निर्देशिका (सर्वांत वरचा फोल्डर) अशा दोन ठिकाणी ठेवलेले असते. एखाद्या प्रोग्रामने एकच जागा बदलली तर दोन साधने दोन वेगळी नावे दाखवतात.

सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या लिनक्सच्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्कचा उल्लेख लेबलने केलेला असेल, तर लेबलसोबत तिथली ओळही बदलावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी ती डिस्क सापडत नाही आणि यंत्रणा सुरू होताना अडकू शकते. एकाच लेबलच्या दोन डिस्क जोडल्या तरी घोळ होतो. रेड हॅट या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या मुख्य विभागाला ‘/’ असेच लेबल देत, त्यामुळे दुसऱ्या यंत्रातली डिस्क लावताच दोन ‘मुख्य’ विभाग समोर येत. यासाठी एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा वेगळा ओळख-क्रमांक) वापरणे बरे. लेबल बदलले तरी तो बदलत नाही.