प्रसूती रजा आणि बालसंगोपन रजा: फरक काय, आणि बाप कुठे?

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कार्यालयांपासून बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत या दोन रजांची सरमिसळ होते. दोन्ही 'बायकांच्या रजा' म्हणून एकाच हिशेबात धरल्या जातात. खरं तर त्यांचं कारणच वेगळं आहे.

प्रसूती रजा बाळंतिणीची. केंद्र सरकारी नोकरीत ती 180 दिवस, पूर्ण पगारी. खासगी आस्थापनांत 2017च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8. झीज भरून यायला, बाळाला अंगावर पाजायला हा वेळ लागतोच. तो नवऱ्याला वाटून देता येत नाही, देऊही नये.

बालसंगोपन रजा मूल वाढवण्यासाठी. केंद्रात साऱ्या नोकरीत मिळून 730 दिवस, थोरल्या दोन मुलांसाठी, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढे 80 टक्के. राज्य सरकारकडे 180 दिवस. मुलाला डेंग्यू झाला, दहावीची परीक्षा आली, की ही रजा टाकतात. मात्र ती हक्क म्हणून मागता येत नाही, आधी मंजुरी लागते.

सरमिसळ किती महागात पडते, ते चंदीगडच्या एका नर्सच्या प्रकरणात दिसलं. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलांसाठी तिने बालसंगोपन रजा घेतली होती. पुढे स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाला, हे तिसरं अपत्य धरून, प्रसूती रजा नाकारली गेली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तिला मिळवून दिली.

आता माझा खरा आक्षेप. डेंग्यूच्या तापात मुलाच्या उशाशी बसायला, परीक्षा केंद्रावर सोडायला बाळंतीण असावं लागत नाही. तरी केंद्रात 2018 पासून ही रजा पुरुषांपैकी फक्त एकल पालकाला, म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटिताला मिळते. धडधाकट बायको घरात असली की संगोपन तिचंच, असं नियमच गृहीत धरतो. मग दर आजारपणात तीच रजा टाकते आणि ऑफिसात 'ही सारखी सुट्टीवर' हे बोलणंही तीच खाते. एकल असण्याची अट काढून ही रजा दोघांनाही द्यायला हवी.

बापासाठी सध्या केंद्रात 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने तीही नाही. ज्यांना मिळते त्यांनी बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी ती घ्यावी, नंतर ती बुडते.